गॅस पुन्हा भरू नका, आधी लीकेज कुठे आहे ते लिहून मागा

ताई, आधी तुमची हकीकत माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला ती नीट कळली आहे की नाही हे तुम्हाला पाहता येईल. मागच्या वर्षी गुढीपाडव्याला पुण्यात २८,५०० रुपयांचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज घेतला. ऑक्टोबरमध्ये कूलिंग गेलं, कंपनीच्या माणसाने येऊन गॅस भरला. दिवाळीनंतर बदली झाली आणि फ्रिज तुमच्यासोबत लातूरला आला. जानेवारीत पुन्हा तेच, पुन्हा गॅस. आता मे महिन्यात तिसऱ्यांदा फ्रिज गार होईना, तर फ्रिज १४ महिन्यांचा झाला, वॉरंटी संपली म्हणून गॅसचे ३,२०० रुपये मागतायत. वर, सामान हलवताना पाइपला धक्का बसला असेल असंही म्हणतायत. टोल फ्रीवर नऊ वेळा फोन करून झाले, दर वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळं सांगायचं. घरात आईचं इन्सुलिन. आता ३,२०० भरावेत, की कंपनी ‘घसारा कापून नवा देतो’ (घसारा म्हणजे वापरामुळे कमी धरलेली किंमत) म्हणतेय तो घ्यावा, की ग्राहक मंचात जावं, हा तुमचा प्रश्न.

मी सांगलीत फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम २४ वर्षं करतोय. पहिली अकरा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होतो, नंतर स्वतःचं दुकान टाकलं. ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक मंचात, गेलेल्या काही तक्रारींत लोकांना तांत्रिक बाजू लिहून दिली आहे, त्यामुळे ते कामही जवळून पाहिलंय. वकील मी नाही. कायद्याबद्दल जे सांगेन ते या अनुभवातून.

तुम्ही विचारताय तीन मार्गांपैकी कोणता. पण त्याच्या आधीची एक अडचण तुमच्या लिहिण्यातच दिसते. तुमच्या दृष्टीने हा एकच बिघाड आहे, ऑक्टोबरपासून चालू असलेला, कधीच बरा न झालेला. कंपनीच्या कॉम्प्युटरवर मात्र त्या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, दोन्ही ‘सोडवलेल्या’, आणि तिसरी नवीन, वॉरंटीबाहेरची. तुमचं सगळं भांडण या एका फरकाचं आहे. तिन्ही वेळचा दोष एकच होता हे तुम्ही कागदावर आणू शकलात तर १४ महिन्यांचा प्रश्नच उरत नाही, कारण दोष सातव्या महिन्यात दिसला, वॉरंटीत दिसला आणि तो दूर झालाच नाही.

आता गॅसचं समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. पाइपचं ते जाळं पूर्ण बंद असतं, तोच गॅस आतल्या आत फिरत राहतो. कारखान्यात एकदा भरलेल्या गॅसवर पंधरा-पंधरा वर्षं चाललेले फ्रिज माझ्याकडे येतात, तेही भलत्याच कारणासाठी. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे, दुसरा अर्थ नाही. तुमचा गॅस तीन-साडेतीन महिने टिकतोय, म्हणजे ते भोक केसाएवढं बारीक आहे. सांधा मोठा सुटला असता तर दोन-चार दिवसांत कूलिंग गेलं असतं. अशा बारीक लीकेजवर नुसता गॅस भरणं म्हणजे पुढच्या तीन महिन्यांची मुदत विकत घेणं. ३,२०० रुपये देऊन तुम्ही तेच कराल.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या. गॅस गेलाय हे त्या माणसाने मोजून सांगितलं की अंदाजाने? फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये वरचा फ्रीझर व्यवस्थित बर्फ करतोय आणि खालचा कप्पा तेवढा कोमट आहे, असं असेल तर बहुतेक वेळा गॅसचा संबंध नसतो. आतल्या कॉइलवर बर्फाचा थर साचून हवेची वाट बंद झालेली असते. डिफ्रॉस्ट हीटर, सेन्सर किंवा पंखा गेलेला असतो. असा फ्रिज बंद करून दरवाजे उघडे ठेवले की चोवीस तासांत बर्फ वितळतो, परत चालू केल्यावर काही दिवस छान चालतो आणि पुन्हा तेच. वर-खाली दोन्हीकडे गारवा नाही, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि फ्रिजच्या बाजूच्या भिंती पूर्वीसारख्या गरम लागत नाहीत, असं असेल तर गॅस किंवा कॉम्प्रेसर. तुमचं आईस्क्रीमसुद्धा वितळलं होतं असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मला गॅसच वाटतो. तरी हात लावून बघा.

बाजूच्या भिंतींचा उल्लेख मुद्दाम केला. पूर्वी फ्रिजच्या पाठीमागे काळी जाळी दिसायची, तो कंडेन्सर. आता तो बहुतेक मॉडेलमध्ये पत्र्याच्या आत, बाजूच्या भिंतींना चिकटवलेला असतो. त्यातलीच एक गरम नळी दरवाज्याच्या चौकटीभोवती फिरवलेली असते, तिथे दव धरू नये म्हणून. या सगळ्यावर फेसाळ थर्माकोलसारखा थर भरलेला असतो, आम्ही त्याला पफ म्हणतो. लीकेज मागच्या बाजूला कॉम्प्रेसरजवळच्या सांध्यात असेल तर तासाभराचं काम आहे, साबणाचा फेस लावला की बुडबुडा दिसतो. ते पफच्या आतल्या नळीत असेल तर ती नळी उघडताच येत नाही. मग बाहेरून दुसरा कंडेन्सर जोडून आतली लाइन बंद करतात. फ्रिज त्याने चालतो, मीही असे जोडून दिले आहेत, पण जुन्या फ्रिजला. सात महिन्यांच्या फ्रिजला आतून लीकेज निघालं तर तो कारखान्यातला दोष आहे आणि तिथे फ्रिज बदलून मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे ठरवायला नायट्रोजनची प्रेशर टेस्ट लागते. उरलेला गॅस काढायचा, लाइनमध्ये नायट्रोजन भरायचा, गेज लावायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचं. तुमच्यासारख्या बारीक लीकेजला अर्धा तास पुरत नाही, रात्रभर ठेवावं लागतं. मग कंडेन्सरची बाजू वेगळी, फ्रीझरची बाजू वेगळी तपासली की भोक कुठल्या बाजूला आहे ते कळतं. लाइन उघडली की दर वेळी फिल्टर ड्रायर (लाइनमधली ओल शोषणारा भाग) नवा टाकायचा, व्हॅक्यूम करून आतली हवा काढायची आणि गॅस काट्यावर वजन करून भरायचा. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो अगदी थोडा लागतो, पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास. तुमच्या फ्रिजचा नेमका आकडा त्याच्या लेबलवर छापलेला आहे. पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी कूलिंगवर परिणाम होतो. आणि हा गॅस पेट घेणारा आहे, म्हणून स्वयंपाकघरात लीकेज न शोधता परत परत भरून देणं मला धोक्याचंही वाटतं.

तुमच्याकडे दोन्ही वेळा तो माणूस पाऊण तासात काम आटोपून गेला, असं तुम्ही लिहिलंय. पाऊण तासात यातलं काहीच नीट होत नाही.

मग तो असं का करतो? मी स्वतः त्या जागी होतो म्हणून सांगतो. आमच्या सेंटरमध्ये पगार थोडा आणि बाकी पैसे क्लोज केलेल्या कॉलवर, म्हणजे मिटवलेल्या तक्रारींवर. दिवसाला आठ-नऊ कॉल. एका फ्रिजपाशी चार तास बसलो तर त्या दिवसाची कमाई गेली. आणि त्याच घरून त्याच कारणाने महिन्याभरात पुन्हा तक्रार आली तर तो ‘रिपीट कॉल’, त्याचे पैसे मिळत नसत. त्यामुळे दुसऱ्या भेटीत कारण वेगळं लिहायची पद्धत पडली होती. पहिल्यांदा ‘गॅस चार्ज’, दुसऱ्यांदा ‘कूलिंग तपासले, ग्राहकास वापर समजावला’. मीही असं लिहिलंय, आणि ते कोणाच्या तरी नुकसानीला कारण झालं हे मला नंतर कळलं. तेव्हा तुमच्या जानेवारीच्या जॉबशीटवर, म्हणजे काय काम केलं ते लिहून दिलेल्या कागदावर, काय लिहिलंय ते आजच काढून वाचा. ‘गॅस चार्जिंग’ असेल तर उत्तम, तुमची साखळी पूर्ण आहे. काहीतरी भलतंच असेल तर गॅस भरल्याचा मेसेज, त्या माणसाचा व्हॉट्सॲप, सिलिंडर घेऊन आल्याचा एखादा फोटो, जे सापडेल ते जमवा.

दुसरी गोष्ट ओटीपीची. काम झालं की तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो दिला की कॉल क्लोज. ‘ताई, ओटीपी द्या, पार्ट आला की मी येतोच’ असं म्हणून तो आधीच मागितला जातो. तुम्ही दोन्ही वेळा दिलात, त्यात तुमची चूक नाही, तो माणूस समोर घाम पुसत उभा असताना नाही म्हणणं जड जातं. पण ओटीपी ही तुमची सही आहे. ‘माझं समाधान झालं’ असं तुम्ही लिहून दिल्याचा पुरावा म्हणून तो पुढे दाखवला जातो. यापुढे फ्रिज चोवीस तास चालून गार झाल्याशिवाय तो देऊ नका. त्या माणसाला चहा द्या, पाणी द्या, ओटीपी उद्या देते म्हणा.

शिफ्टिंगचा मुद्दा त्यांनी काढलाय तो दुबळा आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. हलवाहलवीत नळीला तडा जाऊ शकतो, ते खरं. तुमच्या बाबतीत मात्र पहिला गॅस ऑक्टोबरमध्ये पुण्यात भरलाय, फ्रिज हलला दिवाळीनंतर. म्हणून ऑक्टोबरचं ते पुण्याचं जॉबशीट तुमच्या सगळ्या फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद आहे. ते हरवलं असेल तर कंपनीला ईमेल करून सर्व्हिस हिस्टरी मागा, तीही तारखांसकट.

काही गोष्टींवर माझं उत्तर बदलेल. मधे कधी बाहेरच्या मेकॅनिकने लाइन उघडली असेल, गॅस भरला असेल, तर कंपनीला हात वर करायला जागा मिळते आणि तुमची बाजू बरीच कमजोर होते. तसं काही झालं असेल तर लपवू नका, कारण गॅस भरायच्या नळीवरचं ब्रेझिंग (झाळलेला सांधा) बघून ते कळतंच. बिल नसेल तरी अडचण, पण ती कार्डाच्या किंवा बँकेच्या नोंदीवरून सुटू शकते. दहा वर्षांच्या वॉरंटीबद्दल म्हणाल तर ती फक्त कॉम्प्रेसर या वस्तूची असते. गॅस, मजुरी, येण्या-जाण्याचे पैसे त्यात बहुधा नसतात. त्या मुद्द्यावर भांडू नका, तिथे वेळ जातो.

आता एका गुरुजींचं सांगतो. तासगावकडचे, निवृत्त शिक्षक. त्यांच्या फ्रिजला सेंटरतर्फे मीच दोनदा गॅस भरला होता. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी शंभर पानी वही समोर ठेवली. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात त्यांनी एका पेल्यात पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवला होता आणि रोज सकाळी सात आणि रात्री नऊ असे दोन आकडे लिहिले होते. पाण्यात का, तर दरवाजा उघडला की हवेचं तापमान लगेच बदलतं, पाण्याचं बदलत नाही. पहिल्या पानांवर चार, पाच, चार. मग हळूहळू सहा, आठ, अकरा. मी गॅस भरल्याची तारीख लाल शाईने, आणि पुन्हा चार. पुढे परत तीच चढण. त्या वहीत लीकेज दिसत होतं, मला गेज लावायची गरज नव्हती. त्या दिवशी मी जॉबशीटवर पहिल्यांदा खरं लिहिलं, ‘लीकेज आतल्या लाइनमध्ये, दुरुस्ती शक्य नाही’. सेंटरमध्ये त्यावरून बोलणी खाल्ली. गुरुजींना मात्र पुढे ग्राहक मंचाकडून फ्रिजची पूर्ण रक्कम मिळाली, आणि ती वही आणि तो एक कागद, एवढंच त्यांच्याकडे होतं.

तुम्ही आजपासून तेवढं करा. थर्मामीटर दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. हल्ली मोबाइल आहे, तर आकड्याचा फोटोच काढा, तारीख-वेळ आपोआप राहते.

यापुढे फोन बंद आणि लेखी सुरू. फोनवरचं बोलणं तुमच्याकडे उरत नाही. कंपनीची बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर असलेली ईमेल घ्या. नेटवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर वापरू नका, त्यात फसवणारे खूप आहेत, माझ्या दोन गिऱ्हाइकांचे पैसे तसे गेलेत. मजकूर छोटा ठेवा. साधारण असा:

‘अमुक मॉडेल, अमुक सीरियल नंबर, खरेदी अमुक तारखेची, बिल जोडले आहे. ऑक्टोबरमध्ये, वॉरंटीच्या सातव्या महिन्यात, कूलिंग बंद पडले व गॅस भरण्यात आला. जानेवारीत तोच दोष पुन्हा आला व पुन्हा गॅस भरला. दोन्ही वेळा लीकेज शोधले गेले नाही. आता तोच दोष तिसऱ्यांदा आला आहे. हा वॉरंटी काळात सुरू झालेला व दूर न झालेला दोष आहे. सात दिवसांत नायट्रोजन प्रेशर टेस्ट करून लीकेजची जागा लेखी कळवावी. दोष दुरुस्तीयोग्य नसल्यास फ्रिज बदलून द्यावा किंवा किंमत परत करावी. तसे न झाल्यास जिल्हा आयोगात तक्रार करावी लागेल.’

तक्रारींचे नंबर खाली लिहा. रागाचा एक शब्दही नको. हीच ईमेल दुकानदारालाही पाठवा. ‘आता कंपनीशी बोला’ म्हणून तो बाजूला होतो, पण पैसे त्याने घेतले आहेत.

सात दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीच्या वरच्या पातळीवर जाते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, तरी बऱ्याच कंपन्या इथे हलतात, कारण आता तक्रार टोल फ्रीवरच्या माणसाच्या हातात राहत नाही. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटल्या.

तिथेही नाही झालं तर आयोग. ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो त्याचं नाव २०१९ च्या कायद्याने जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग झालं. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि तुमच्या उपयोगाचा एक मोठा बदल त्यात आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. खरेदी पुण्याची असली तरी तुम्ही लातूरला दाखल करू शकता. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन दाखल करायची सोय ई-जागृती पोर्टलवर आहे. मुदत दोन वर्षांची, आणि ती सुरक्षित बाजूने पहिल्या बिघाडापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून मोजा. कंपनी, दुकान आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) करा. मागण्या दोन वेगळ्या लिहा: वस्तूतला दोष म्हणून फ्रिजची किंमत, आणि सेवेतली त्रुटी म्हणून नुकसानभरपाई. वाया गेलेल्या इन्सुलिनच्या पावत्या दुसऱ्या मागणीत जातात, म्हणून मेडिकलमधून बिल घेतल्याशिवाय औषध घेऊ नका.

दोष तज्ज्ञाकडून तपासायची वेळ आली तर आयोग तसं सांगू शकतो. तुमच्या बाजूने आधीच मत हवं असेल तर जवळच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचे निदेशक असतात, त्यांना विचारून बघा. माझ्यासारख्या दुकानदाराच्या चिठ्ठीपेक्षा त्यांच्या कागदाला वजन जास्त. मात्र त्यांना लाइन उघडू देऊ नका, वरवरची तपासणी आणि तापमानाच्या नोंदी पुरेत. लाइन उघडायची ती कंपनीच्याच माणसाने.

राहिला घसाऱ्याचा प्रस्ताव. कंपनी म्हणते ४० टक्के कापून नवा देतो, म्हणजे ११,४०० रुपये तुम्ही भरायचे. आज हो म्हणू नका. नाकारूही नका. उलट विचारा की घसारा १४ महिन्यांचा का, दोष तर सातव्या महिन्यात आला. इथून बोलणी सुरू होतात आणि लेखी तक्रार गेल्यावर तो आकडा खाली येतो, हे मी अनेकदा पाहिलंय. दहा टक्क्यांपर्यंत आले आणि नव्या फ्रिजला नवी पूर्ण वॉरंटी लेखी दिली, तर मी तुमच्या जागी असतो तर घेतला असता. कारण निकालासाठी कायद्यात, तपासणी लागत नसेल तर तीन आणि लागत असेल तर पाच महिन्यांचं उद्दिष्ट आहे, पण प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष लागलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. तेवढे दिवस घरात फ्रिज नाही, आणि लातूरचा उन्हाळा. ज्यांच्या घरात औषधाचा प्रश्न नाही त्यांना मी शेवटपर्यंत लढा म्हणालो असतो. तुम्हाला तसं सांगताना मला आधी तुमची आई दिसते.

म्हणून इन्सुलिनचं आजच बघा, बाकी सगळं उद्या. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहायला हव्यात, त्या शेजारी किंवा ओळखीच्या मेडिकलमध्ये ठेवायला द्या. चालू कुपी बाहेर किती दिवस आणि कशी ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. फ्रिज कोमट असताना आत राहिलेल्या कुप्या वापरण्याआधीही त्यांना दाखवा, दिसायला बदल नसला तरी. जानेवारीचं जॉबशीट सापडलं की त्यावर नेमकं काय लिहिलंय ते इथे टाका, मग पुढची ईमेल आपण त्याप्रमाणे बसवू.